उजवीकडचं पाणी

हूरा, मनामा
१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

व्हेरॉनिका वहिनी,

तुमची हॅझेल उद्या सुट्टीवर निघतेय, तिच्या हाती हे देतो आहे. तुम्ही फोन घेत नाही, आणि वसईच्या घरी पुन्हा फोन करायचा नाही असं रॉनीने मला स्पष्ट सांगितलं आहे. डेनिसचा सख्खा भाऊ आहे तो, त्याचा तो अधिकार आहे. पण सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती पत्र देण्याची आपली इथली जुनी रीत आहे आणि तिला त्याने मनाई केलेली नाही. हातात आलेलं पत्र न वाचता फाडणं फोन कापण्याइतकं सोपं नसतं, एवढ्याच आशेवर लिहितो.

तुम्ही माझ्याशी शेवटचं बोललात ते डेनिसच्या दफनाच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर. "त्याला तिथे कशाला नेलंत?" माझ्या नीलाने मला बाजूला ओढून नेलं. ऑक्टोबरपासून रोज तुमच्या प्रश्नाचं उत्तर मनात तयार करतो आणि कामावर जाईपर्यंत ते मोडून जातं. आज लिहूनच काढतो.

तुम्हाला ठाऊक आहे, डेनिसला चढाचं वेड होतं आणि नशिबी आलं बहरीन. इथे चढ म्हणजे उड्डाणपूल. सित्रेच्या पुलावर सायकल चढवताना तो दर शुक्रवारी ओरडायचा, "मास्तर, घाट लागला, गिअर उतरव!" मला तो मास्तर का म्हणायचा ते मलाही कधी कळलं नाही. बहुतेक मी सायकलवर बसण्याआधी हात जोडायचो म्हणून. अस्करच्या बाजूला आमच्या कारखान्याची धुराडी दिसायला लागली की म्हणायचा, "वीस वर्षं या पोळपाटावर मुंगीसारखे फिरतोय. तुझ्या गावाला डोंगर आहे ना? मग मला एकदा डोंगर दाखव."

मी त्याला कळमदऱ्याच्या धरणाबद्दल सांगितलं होतं. आमच्या गावाला लागून पाणी, पाण्याभोवती रान, आणि रानातून पाण्याला पूर्ण वळसा घालणारा अरुंद डांबरी रस्ता. माझी शाळा त्याच काठावर. जुनं गाव आणि कळमजाईचं देऊळ माझ्या जन्माआधीच पाण्याखाली गेलं. देवी खाली आहे म्हणून गावातलं कुणी त्या पाण्याला वळसा घालतं ते प्रदक्षिणेसारखं, पाणी उजव्या हाताला ठेवून. पूर्ण फेरी उलटी कुणी घालत नाही, कामापुरती ये-जा कशीही चालते. डेनिसला हे भारी आवडलं. "देवी तुझी, पाणी माझं. उजवीकडे तर उजवीकडे. यल्ला, चल."

तर मी नेलं, आणि त्याने मला न्यायला लावलं. दोन्ही खरं आहे.

त्या सकाळी तो फार आनंदात होता, वहिनी. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पोलिसांच्या कागदात आनंद लिहायला जागा नसते. उतारावर सोनकी फुलली होती. सबंध डोंगराची कड पिवळी. चढावर त्याला दम लागला तरी उतरेना. "ढकलून नेली तर देवी हसेल," म्हणाला. उतार आला की पाय थांबवायचा आणि त्याच्या मागच्या चाकाची ती मोठी टिकटिक ऐकत बसायचा. तुम्ही त्या आवाजाला किती नावं ठेवायचात. घरात सायकल आणली की म्हणायचात, आला तुमचा टाइपरायटर.

मग करवंदीच्या वळणावर समोरून लहानू भांगरेची जीप आली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. जीप आमच्या अंगावर आली. मी जबाबात तेच सांगितलं आणि तेच सांगेन. लहानू माझ्या गावचा आहे, म्हणून मी कोर्टात त्याला सांभाळून घेईन असं रॉनी सगळीकडे बोलतो. तसं होणार नाही. भरपाई नको, शिक्षा हवी, असं तुम्ही म्हणालात ते हॅझेलने मला सांगितलं. ती होईल.

आज चार महिन्यांनी पहिल्यांदा सायकल बाहेर काढली. एक गोष्ट लिहावी की नाही ते कळत नाही. सित्रेच्या पुढे, समुद्राच्या कडेने जाताना, मला ती टिकटिक ऐकू आली. मी पायडल मारत होतो, म्हणजे माझ्या चाकाची नव्हती. मागे-पुढे कुणी नव्हतं. उजवीकडून येत होती, जिथे रस्ता संपून वाळू लागते तिथून.

देवापुढे बसलो तेव्हा तुमच्यासाठी आणि हॅझेलसाठी मागितलं.

विलास


हूरा
११ एप्रिल २०२५, शुक्रवार

वहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र मात्र परतही आलं नाही. हॅझेलला विचारलं तर म्हणाली, "Mummy read it, uncle. Twice. मग उशीखाली ठेवलं." त्यामुळे पुन्हा लिहितो.

आवाज थांबलेला नाही. मी भुताखेतांना घाबरणारा नाही. आमच्या रानात वाढलेल्या माणसाला रात्री काय ओरडतं आणि काय नुसतं हलतं ते कळतं. म्हणून हा आवाज वाऱ्याचा नाही हेही मला कळतं. आधी मी सायकलची साखळी बदलली. मग कान तपासून आलो. डॉक्टर म्हणाली, कान पोरासारखे आहेत. मनाम्यातल्या जुन्या देवळात जाऊन बसलो. बाब अल बहरीनच्या गर्दीतून चालत परत आलो तर तिथे काही नाही. सायकलवर बसलो की येतो. नेहमी उजवीकडून. डेनिसचा आवाज असेल तर मला भीती वाटायला नको, पण वाटते. तो काहीतरी सांगतोय आणि मला ऐकू येऊन कळत नाही, असं वाटत राहतं.

मागच्या शुक्रवारी एक वेगळंच झालं. आमच्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात सुमय्या म्हणून एक जण आहे, इथलीच बहरीनी, बँकेत काम करते. सिनेमे बघून शिकलेली हिंदी बोलते. डेनिस गेल्यानंतर आलेली, त्याला तिने पाहिलेलं नाही. ती माझ्या मागे होती. जाव गावाच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा माझ्यावर चिडली. "भाई, तुम राइट में किसके लिए जगह छोड़ते हो? गाड़ी मार देगी."

मला कळेना. ती म्हणाली, बाकीचे सगळे रस्त्याच्या कडेला चिकटून चालवतात, तू एक माणूस मावेल इतकी जागा उजव्या हाताला सोडून रस्त्याच्या आत चालवतोस. मध्येच त्या बाजूला मान वळवतोस, बोलल्यासारखी. तिने हाताने जागा मोजून दाखवली. मी हसून, मफी मुश्किल, काही अडचण नाही, म्हटलं आणि विषय टाळला.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. कारण विचारू नका. तुम्ही दोघं सुट्टीत वसईला जायचात तेव्हा रस्त्यावर डेनिस कसा चालायचा? कुठल्या बाजूने?

नीलाने तुमच्यासाठी खजूर दिलेत. बिया काढलेले आहेत.

विलास


हूरा
३० मे २०२५, शुक्रवार

व्हेरॉनिका वहिनी,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, तरी माझं मला मिळालं आहे. हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. फाडलंत तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

सुमय्याचं बोलणं मनातून जाईना. उजवीकडे मी कुणासाठी जागा सोडतो हे मला माहीत होतंच. पण उजवीकडेच का? इथे आम्ही कधी जोडीने चालवलं नाही, पुढे-मागे चालवायचो. बोलता यावं म्हणून जोडीने चालवलं ते फक्त त्या एका सकाळी, कळमदऱ्याला, रस्ता मोकळा होता म्हणून. तेव्हा डेनिस माझ्या उजव्या हाताला होता. त्याच्या पलीकडे पाणी.

एवढं आठवलं आणि मी होतो तिथेच बसलो, वहिनी. कारखान्याच्या कँटीनमध्ये, हातात रोटी घेऊन.

पाणी उजव्या हाताला ठेवून आम्ही निघालो होतो. आपल्याकडे डावीकडून चालायचं, म्हणजे आम्ही डोंगराच्या कडेने असायला हवं होतं. डेनिस पाण्याच्या कडेने होता. मी त्याच्या डावीकडे, रस्त्याच्या मध्ये. आम्ही दोघंही सबंध वाट उजवीकडून चालवत होतो, बहरीनमध्ये चालवतो तशी. वळण आलं तसा मी त्याच्या मागे झालो, हेही इथल्याच सवयीने. समोरून येणाऱ्या लहानूच्या डाव्या हाताला पाणी होतं. तो त्याच्या बाजूने आला. त्याच्या बाजूला डेनिस होता.

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण उलटं वाचलं होतं. लहानूने त्याला वाचवायला जीप डोंगराकडे घातली. त्याच क्षणी डेनिसला आपण कुठल्या देशात आहोत ते आठवलं आणि तोही आपल्या बरोबर बाजूला, म्हणजे डोंगराकडेच वळला. दोघं एकमेकांना चुकवायला गेले आणि एकाच जागी गेले. टायरच्या खुणा डोंगराच्या बाजूला सापडल्या. कागद म्हणतो, जीप चुकीच्या बाजूला आली. पोलिसांनी मला विचारलं, जीप तुमच्या अंगावर आली का? मी हो म्हणालो. तेव्हा मला तेच खरं वाटत होतं. लहानू एकटाच घसा फोडून सांगत होता की ते माझ्या बाजूने आले, आणि सगळे म्हणत होते, माणूस मारून वर खोटं बोलतोय. मीही म्हणालो होतो.

वीस वर्षं उजवीकडून चाललेल्या माणसाला आपण उजवीकडून चालतोय हे दिसत नाही. आपलं नाक आपल्याला दिसत नाही तसं.

शाळेत गुरुजींनी आम्हाला डावं-उजवं शिकवलं ते असं, ज्या हाताने जेवता तो उजवा, दुसऱ्याच्या बाजूने रस्ता चालायचा. पोटाशी जोडलेलं शिक्षणसुद्धा विसरता येतं.

साक्षीचं समन्स गावाकडच्या पत्त्यावर आलं आहे. तारीख सप्टेंबरात आहे. मी रजा टाकली आहे आणि जे वर लिहिलं तेच तिथे सांगणार आहे. त्यातून लहानू सुटेल, असं त्याचा वकील म्हणतो. नाही सांगितलं तर शिक्षा होईल, कारण माझ्याशिवाय पाहणारं कुणी नव्हतं.

नीलाला सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, "तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार आहे?" मग तीच म्हणाली, "तुम्हाला कळलंय ना, मग झालं. आता तुम्हाला घास गोड लागायचा नाही. जा आणि सांगून या. पण व्हेरॉनिकाला आधी कळू द्या. कोर्टात बसून पहिल्यांदा ऐकायला लावू नका त्या बाईला."

म्हणून हे पत्र.

विलास


हूरा
८ ऑगस्ट २०२५

वहिनी,

हॅझेलने तुमचा निरोप फोनवर दाखवला. "गाववाल्याला सोडवायला डेनिसला चोर करू नका. पुन्हा पत्र नको."

चोर हा शब्द माझा नाही. चुकलेला माणूस चोर नसतो. पण तुम्हाला तो तसा ऐकू आला, ते मी समजतो. आठ महिने तुमच्याकडे रागाला धरायला एक माणूस होता, तो मी काढून घेतोय आणि बदल्यात काही देत नाही.

रॉनीचाही फोन आला होता. बरंच बोलला. माझ्या आईपर्यंत पोचला. शेवटी म्हणाला, "भाऊ म्हणत होता तुला. एका ताटात जेवलात." मी ऐकून घेतलं. खोटं काही तो बोलत नव्हता.

इतकी वर्षं कोणती अडचण आली की मी देवापुढे बसलो आणि उठेपर्यंत मन एका बाजूला लागायचं. या वेळी तसं होत नाही. खरं सांगायचं हे ठरलेलंच आहे, तिथे दोन वाटा नाहीत. तरी बसतो तेव्हा समोर देवाऐवजी तुम्ही येता. वसईच्या ओट्यावर बसून मासळी साफ करणाऱ्या, आणि मी आलो तरी मान वर न करणाऱ्या.

तुमचं ऐकतो, आता पत्र पाठवणार नाही. हेसुद्धा पाठवायचं नव्हतं. तारीख सतरा सप्टेंबर आहे. तुम्ही येऊ नये असं मला वाटतं.

विलास


कळमदरा
१८ सप्टेंबर २०२५

व्हेरॉनिका वहिनी,

पाठवणार नाही म्हणालो होतो, पण काल तुम्ही स्वतः माझ्याशी बोललात आणि मला तिथे उत्तर देता आलं नाही. ते देण्यापुरतं लिहितो. पत्राचा फोटो काढून हॅझेलला पाठवतो, ती तुमच्याजवळच आहे.

सरकारी वकीलबाईंनी मला जे विचारलं ते तुम्ही मागच्या बाकावरून ऐकलंच. आरोपी तुमच्या गावचा? हो. एकाच शाळेतले? हो, तो माझ्या मागच्या वर्गात होता. एकाच देवीला नारळ फोडता? हो. आणि अकरा महिन्यांनी तुम्हाला बाजू आठवली?

"आठवली नाही, बाई. समजली," मी म्हणालो. लोक हसले. हसण्यासारखंच होतं.

न्यायाधीशांनी मात्र हसू दिलं नाही. त्यांनी विचारलं, इथे आल्यावर डावी बाजू तुम्हाला माहीत नव्हती का? मी म्हटलं, साहेब, माहीत होती. गर्दीत असलो की चार लोक जातात तसे जातो. त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. कुणी नसलं की माणूस आपल्या सवयीच्या बाजूने जातो. त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग मला फितूर ठरवलं. कायद्याचा शब्द आहे, त्याचा अर्थ एवढाच की साक्षीदार आधीच्या जबाबावरून फिरला, हे मला लहानूच्या वकिलाने नंतर समजावलं. पण शब्द कानावर पडला तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. निकाल पुढच्या महिन्यात आहे.

बाहेर रॉनी मला जे बोलला ते सोडा. माझ्या अंगावर आला तेव्हा लहानू मध्ये पडायला धावला, मी त्यालाच मागे सारलं. मला त्याच्याकडून वाचायचं नव्हतं. मग तुम्ही चिंचेखालून उठून आलात. रॉनीला म्हणालात, गाडी काढ. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता बोललात. मी ते शब्द तसेच लिहितो, कारण ते तुमच्यानंतर फक्त माझ्याजवळ आहेत आणि मला ते एकट्याने सांभाळवत नाहीत.

"विमानतळावर उतरलो की मी त्याच्या डाव्या दंडाला चिमटा काढायचे. हा हात, डेनिस, या बाजूने. दर सुट्टीला. काळानिळा व्हायचा दंड, तो ओरडायचा, लोक बघायचे. या वेळी हॅझेलची नवी नोकरी म्हणून मी मागे राहिले. मला माहीत होतं, विलासभाऊ. तुमचा पहिला फोन आला तेव्हापासून माहीत होतं."

आणि गाडीत जाऊन बसलात.

तुम्ही रागावला होतात ते लहानूवर नाही, माझ्यावरही नाही, हे मला गाडी वळेपर्यंत कळलं नाही. मी इतके महिने पत्रांतून रस्त्याचा नकाशा काढत बसलो, आणि तुम्ही तो पहिल्या दिवसापासून चिमटीत धरून बसला होतात.

माझं उत्तर असं आहे. चिमटा काढायला मी होतो. मी त्याच्या शेजारी होतो, हात लांब केला तर पोचला असता. माझं गाव, माझा रस्ता, माझी शाळा त्या काठावर. मला नाही सुचलं. ज्याला सुचायला हवं होतं त्याला सुचलं नाही, आणि जिला सुचलं असतं ती दीड हजार मैलांवर होती. यात तुमचा दोष मी कुठे ठेवू? जागाच नाही. राखणारा वर आहे असं तुम्ही म्हणता आणि मीही म्हणतो. त्या सकाळी तो कुणीकडे बघत होता, ते मी त्याला अजून विचारतो आहे. आपण दोघांनी विचारलेलं बरं. एकाचं तो ऐकत नाही.

विलास


कळमदरा
१९ सप्टेंबर २०२५

वहिनी,

कालचं पत्र पोचलं, तुम्ही ऐकलंत, असं हॅझेलने कळवलं. आज एका गोष्टीत तुमची परवानगी हवी आहे.

सकाळी वळणावर गेलो होतो. इतके दिवस धीर झाला नव्हता. चालत गेलो, सायकल नेली नाही. डोंगराच्या बाजूला, डेनिस पडला तिथे, एक उभा दगड लावला आहे. त्याच्यापुढे हिरड्याच्या, जांभळीच्या डहाळ्यांचा ढीग. ताज्या, सुकलेल्या, एकावर एक. आमच्या रानात वाटेवर कुणाचा जीव गेला की तिथे दगड लावतात, आणि जाणारा-येणारा डहाळी टाकून पुढे जातो. न टाकता कुणी जात नाही. मी उभा होतो तेवढ्यात एक टेम्पो आला, थांबला, पोऱ्याने उतरून डहाळी टाकली. ड्रायव्हरला मी विचारलं. म्हणाला, "सायकलवाला बाबा आहे. वळणावर मागून टिकटिक येती त्याची. डहाळी टाकली का गप होतो." वहिनी, मी माझ्या आवाजाबद्दल इथे कुणाला बोललेलो नाही. नीलाला, तुम्हाला आणि देवाला सोडून.

दगड लावला तो लहानूच्या आईने. मुलगा कोठडीत होता त्या दिवसांत. म्हातारी आता वाकून गेली आहे. मी तिला सांगितलं की, मावशी, तो आपल्यातला नव्हता, ख्रिस्ती होता, वसईचा. त्याचं थडगं आहे तिकडे, त्यावर क्रूस आहे, त्याच्या लोकांनी प्रार्थना केली आहे. दगडाला शेंदूर लावलात तर त्याच्या घरच्यांना रुचणार नाही. ती म्हणाली, "शेंदूर नाही लावला. चुना लावलाय. मला काय कळत नाही का?" आणि मग, "ख्रिस्ती आसला म्हणून काय झालं, भूक तं लागतीच ना."

हा पितरांचा पंधरवडा चालू आहे. रविवारी सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं इथे कुणी नाही, त्यांचं पान त्या दिवशी वाढतात, आणि त्या माणसाला जिवंतपणी जे आवडायचं ते पानात लागतं. गेल्या वर्षी पंधरवडा संपल्यावर डेनिस गेला, म्हणून त्याचं हे पहिलंच. म्हातारीला त्याचं पान वळणावर ठेवायचं आहे. तिने मला विचारलं, "त्याला काय आवडायचं रं?"

मला सांगता येईना. वीस वर्षं मी त्याच्याबरोबर शुक्रवारचा चहा प्यायलो, तुमच्या घरचं किती खाल्लं. पण तो आपल्या पानातलं माझ्या पानात वाढायचा, जे असेल ते हसत खायचा, उपाससुद्धा माझ्यासोबत करायचा आणि वर साबुदाण्याला नावं ठेवायचा. त्याला खरंच काय आवडायचं ते तुम्हालाच माहीत.

दगड नको असेल तर मी काढतो. लहानू आणि मी मिळून काढू, म्हातारीला समजावू. पान नको असेल तर तेही सांगा. तुमच्या धर्माला हे चालत नसेल तर मी एक शब्द बोलणार नाही. आणि चालत असेल, तर त्याला काय आवडायचं ते कळवा. इथली माणसं त्याचं हाक मारायचं नावही विचारत आहेत. अजून मी सांगितलेलं नाही. तेही तुमच्याशिवाय सांगणं बरं वाटेना.

विलास


कळमदरा
२० सप्टेंबर २०२५, शनिवार

वहिनी,

हॅझेलने तुमचा निरोप वाचून दाखवला. तिला म्हटलं, जसं मम्मी बोलली तसंच सांग, सुधारू नकोस. तिने सांगितलं.

"दगड राहू दे. नाव डेनिस, पूर्ण नाव सांगायची गरज नाही. त्याला आपले पिठाचे तळलेले फुगे आवडायचे, गरम, नुसतेच, कालवणाशिवाय. पण यीस्टचे केलेले त्याला बुटाच्या तळव्यासारखे लागायचे. विलासभाऊंना विचार, तिकडे पीठ फुगवायला ताडी मिळते का. नाहीतर पीठ मी इथूनच भिजवून आणते. तळायचे मात्र तिथेच, गार झाले की तो हात लावत नाही. रॉनीला मी सांगेन काय ते."

वहिनी, आमच्या डोंगरात ताडी मिळत नाही. पीठ घेऊन या. पहाटे निघालात तर दुपारच्या आत पोचाल. चूल, कढई आणि तेल लहानूची आई बघते आहे.

विलास